कटिंग मशीन घ्या, पण वायरची सोय बघून घ्या

आधी निकाल सांगते, कारणं मागून. लॅपटॉपवरच्या चित्राप्रमाणे कागद आणि स्टिकर कापून देणाऱ्या घरगुती कटिंग मशीनला माझ्याकडून पाचांपैकी चार. कापण्याचे पूर्ण गुण दिलेत. जो एक कापलाय तो बिनवायरीच्या जोडणीचा, आणि त्यातही अर्धा दोष मशीनचा, अर्धा आपल्या घरातल्या हवेचा. ते कसं, हे सांगण्यासाठीच एवढं लांबलचक लिहिते आहे. ज्यांना फक्त 'घेऊ का नको' एवढंच हवंय त्यांनी घ्यावं आणि शेवटच्या दोन परिच्छेदांवर जावं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुकानात गेलात की क्रिकट, सिल्हूट, ब्रदर ही तीनच नावं फिरून फिरून कानावर येतात, माझं त्यातलं एक धरा किंवा धरू नका. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्या जातीच्या कुठल्याही मशीनला लागू पडतं.

मी कर्वेनगरला राहते आणि घरातूनच रुखवत, मखर, बारशाच्या आणि डोहाळजेवणाच्या पाट्या अशी कामं घेते. त्याआधी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं रेघा मारण्यापासून भिंतीएवढ्या प्लॉटरपर्यंत (पेन धरून आपोआप रेघा मारणारं यंत्र) सगळं हाताखालून गेलेलं आहे. त्यामुळे या मशीनचं मला कौतुक आहे, अप्रूप नाही. हा तोच प्लॉटर, पेनाच्या जागी ब्लेड बसवलेला आणि गुलाबी-हिरव्या डब्यात घातलेला.

कापण्याबद्दल थोडक्यात. कार्डशीट लोण्यासारखी कापते. नंबरप्लेटवाले ज्याला रेडियम म्हणतात तो स्टिकर रोल तर इतका नेमका कापला जातो की खालचा पिवळा कागद अखंड राहतो. घोटीव कागद पातळ, त्याला ब्लेडचा दाब कमी ठेवावा लागतो आणि मॅटचा, म्हणजे ज्यावर कागद चिकटवून मशीनमध्ये घालतात त्या शीटचा, चिकटपणा थोडा मेलेला असला तर उत्तम, नाहीतर कागद उचलताना फाटतो. माउंटबोर्डाच्या नादी लागू नका. घरगुती मशीन तीनदा-चारदा त्याच रेघेवरून फिरतं, कडा फसफशीत निघते आणि ब्लेडची धार जाते. मखराचे खांब मी अजूनही कटरनं हातानंच कापते, मशीनकडून फक्त वरची जाळी आणि वेलबुट्टी घेते. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून कागदी मखरांची मागणी वाढली, आणि जाळीचं काम हातानं करायचं तर मनगट शिल्लक राहत नाही. तिथे या मशीनचे पैसे वसूल होतात.

आता मुख्य दुखणं. मशीन विकत घेताना खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं: वायरलेस. घरी आल्यावर पहिले काही दिवस छान चालतं. मग एका संध्याकाळी लॅपटॉपवरचं, मशीनला कामं पाठवणारं अ‍ॅप म्हणतं, मशीन सापडत नाही. मशीन समोर टेबलावर, दिवा लागलेला, आणि अ‍ॅपला ते सापडत नाही! आपण सगळं बंद करून चालू करतो, एकदा सापडतं, सप्तपदीची सात पावलं कापायला लावतो आणि पाचव्या पावलाच्या अंगठ्यापाशी ब्लेड हवेत थांबतं.

कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलणं झालं. पलीकडचा मुलगा नम्र होता, मला काकूही म्हणाला. पण त्याचं पालुपद एकच, "काकू, राउटर बंद करून पुन्हा चालू करा." मी म्हटलं, "अरे, माझ्या मशीनला वायफाय आहे तरी का?" त्यानं जरा थांबून सांगितलं, "नाही, ब्लूटूथ आहे." "मग राउटरचा काय संबंध?" त्यावर त्यानं माझी तक्रार वरच्या पातळीवर पाठवली. ती तिथे अजून सुखानं नांदत असावी.

गोंधळाचं मूळ इथेच आहे, म्हणून नीट समजून घ्या. यात हवेतून जाणाऱ्या वाटा दोन असतात. लॅपटॉप ते राउटर ही वायफायची वाट, तिच्यावरून अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरवरची चित्रं आणि अक्षरं आणतं. लॅपटॉप ते मशीन ही ब्लूटूथची वाट, तिच्यावरून 'इथे काप, इथे उचल' एवढेच निरोप जातात. इंटरनेट मंद असलं की अ‍ॅप घुटमळतं आणि आपल्याला वाटतं मशीन तुटलं. ब्लूटूथ तुटतं आणि आपण राउटरच्या मानगुटीवर बसतो. आधी कुठली वाट बंद आहे ते पाहायचं. अ‍ॅपमध्ये नवीन चित्र उघडतंय, अक्षरं दिसताहेत, फक्त मशीन दिसत नाही, तर इंटरनेटला हात लावू नका. ब्रदरच्या स्कॅनवाल्या मशीनचं मात्र वेगळं आहे, ते थेट घरच्या वायफायवर बसतं, तेही २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावरच. पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसत नाही. तुमच्याकडे ते असेल आणि यादीत तुमच्या घरचं नाव येत नसेल, तर राउटरनं २.४ चालू ठेवलंय का, हे बघा. तिथे राउटरला दोष देणं योग्य आहे.

माझ्या घरात गुन्हेगार एक नव्हता, टोळी होती.

पहिला निघाला सुनेचा टॅब. तिनं हौसेनं एकदा नातवाच्या वहीला लावायच्या नावांच्या चिठ्ठ्या कापल्या होत्या, त्यासाठी टॅब मशीनशी जोडला होता. ही मशीनं एका वेळी एकाचंच ऐकतात. मी लॅपटॉपवर हाका मारतेय आणि शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला टॅब, ज्यात अ‍ॅप मागच्या बाजूला उघडंच राहिलेलं, मशीनला धरून बसलेला. टॅबवर 'हे उपकरण विसरा' म्हटलं आणि निम्मं दुखणं गेलं. त्यामुळे घरात कोणाकोणाच्या फोनवर ते अ‍ॅप आहे याची आधी चौकशी करा. जाऊबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्याही फोनवर कुणी टाकून दिलं होतं का, हेसुद्धा विचारा.

दुसरी गोष्ट गुन्हा नाही, गैरसमज आहे. विंडोजच्या ब्लूटूथ यादीत मशीनच्या नावापुढे 'पेअर्ड' असं दिसतं, 'कनेक्टेड' दिसत नाही. लोक घाबरतात, काढतात, पुन्हा जोडतात, पुन्हा काढतात. पेअर्ड म्हणजे ओळख झालेली आहे. जोडणी अ‍ॅप मागेल तेव्हाच होते आणि काम संपलं की सुटते. तेव्हा ती यादी बघत बसू नका, अ‍ॅप उघडून कापायची आज्ञा द्या आणि मग बघा. यादीतून मशीन पूर्ण काढून नव्यानं जोडायची वेळ आलीच, तर मशीन बंद करून थोडं थांबा, मग चालू करा. पिन मागितला तर माझ्याकडे चार शून्यं चालली. विंडोज ११ वर यादीत मशीन उगवतच नसेल तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये खाली शोधाचा एक पर्याय असतो, तो 'डीफॉल्ट' वरून 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा. फोनवर अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणे' नावाची वेगळी परवानगी आहे, ती अ‍ॅपला दिलेली नसेल तर मशीन नाकासमोर असूनही दिसणार नाही. त्याआधीच्या अँड्रॉइडवर लोकेशन चालू लागतं. कात्रीला आपण कुठे राहतो ते कशाला कळायला हवं, हा माझाही प्रश्न होता, पण ब्लूटूथच्या शोधासाठी अँड्रॉइडनं तेव्हा तसा नियमच केला होता.

तिसरा गुन्हेगार लॅपटॉपची काटकसर. विंडोज वीज वाचवण्यासाठी ब्लूटूथला मधूनमधून झोपवतं. पाचव्या पावलावर थांबणारं ब्लेड बरेचदा यामुळे थांबतं, कारण मोठ्या कामात आपण चहा ठेवायला जातो, लॅपटॉपला कोणी हात लावत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात ब्लूटूथ, त्याखालच्या अडॅप्टरवर डबल क्लिक, मग पॉवर मॅनेजमेंटचं पान. तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा देणारी खूण असते, ती काढून टाका. कापणं चालू असताना स्क्रीन झाकायची नाही आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवायचा.

आणि चौथी म्हणजे खुद्द हवा. हे कळल्यावर मला खरी मजा आली, म्हणून इथे जरा रेंगाळते. ब्लूटूथ, बहुतेक वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन ही तिन्ही मंडळी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच अरुंद पट्ट्यात राहतात. ब्लूटूथचा स्वभाव उड्या मारण्याचा. ७९ खोल्यांतून, म्हणजे पट्ट्याच्या ७९ बारीक भागांतून, सेकंदाला १६०० वेळा जागा बदलायची, आणि जिथे गलबला असेल त्या खोल्या टाळायच्या. वायफायचं तसं नाही, ते २० खोल्या अडवून बैठक मारून बसतं. आमच्या सोसायटीत जवळपास प्रत्येक घरी राउटर, काहींकडे दोन. वायफायची एकमेकांत न मिसळणारी १, ६ आणि ११ ही तिन्ही चॅनेल्स भरून वाहताहेत. संध्याकाळी मंडळी कामावरून आली आणि मॅच चालू झाली की बिचाऱ्या ब्लूटूथनं उडी मारायची कुठे? दुपारी अडीचला मशीन शहाण्यासारखं चालतं आणि रात्री साडेआठला रुसतं, त्याचं कारण हे.

त्यात भर अशी की लॅपटॉपच्या आत वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात, अँटेनाही वाटून घेतात. लॅपटॉप २.४ वर मोठं काही उतरवत असेल तर ब्लूटूथला पाळी लावून बोलावं लागतं. उपाय फुकटचा आहे: लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर टाका. इंटरनेट वरच्या मजल्यावर गेलं की खालची खोली ब्लूटूथला मोकळी. माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक या एका बदलानं पडला, आणि मदतकेंद्रातल्या कुणालाही तो सुचला नाही.

गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी गेलेली लाइट परत आली की राउटर नव्यानं चॅनेल निवडतो, आणि सगळ्या सोसायटीचे राउटर एकदमच जागे होऊन निवडत असल्यामुळे त्या दुपारी हवेत काय चालत असेल ते तेच जाणोत. शक्य असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ यातलं सर्वांत कमी गर्दीचं चॅनेल ठरवून टाका. फोनवर गर्दी दाखवणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात.

जागेचंही बघा. मशीन आणि लॅपटॉप यांच्यात दहा-पंधरा फुटांहून जास्त अंतर नको, असं कंपन्याच सांगतात. मी म्हणते एका टेबलावरच ठेवा. माझं टेबल आधी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं, भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह आणि अलीकडे लोखंडी कपाट. आता ते बाल्कनीच्या दाराशी आहे, उजेडही बरा पडतो.

पाचवा गुन्हेगार मी शोधला नाही, भाच्यानं शोधला. लॅपटॉप जुना, म्हणून तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, पाचशेच्या आतला ब्लूटूथचा डोंगल (यूएसबीच्या खाचेत खोचायचा छोटा तुकडा) आणला होता. तो मी निळ्या खाचेत लावला, शेजारच्याच निळ्या खाचेत चित्रांची हार्ड डिस्क. भाचा म्हणाला, "मावशी, या दोघांना शेजारी बसवू नकोस." निळी खाच म्हणजे यूएसबी ३, तिच्यातून डेटा वाहू लागला की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास खरखर उठते. इंटेलनं २०१२ सालीच यावर सविस्तर निबंध काढलेला आहे, म्हणजे ही गावगप्प नव्हे. वीतभर लांबीची साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर घेतली, डोंगल तिच्या टोकाला लावून हार्ड डिस्कपासून लांब ठेवला. खरखर थांबली.

मधेच कापणं तुटलं तर काय करायचं, हे कुठल्याच पुस्तिकेत धड लिहिलेलं नाही. पहिली गोष्ट, मॅट बाहेर काढायचं बटण दाबू नका. दुसरी, मशीन बंद करू नका. फक्त अ‍ॅप बंद करून उघडा, जोडणी परत आणा आणि तेच काम जसंच्या तसं पुन्हा पाठवा. मॅट हललेली नसेल तर ब्लेड बहुतेक वेळा त्याच रेघांवरून जातं. आधीच कापलेल्या जागी दुसऱ्यांदा फिरतं, रेडियमला थोडा खोल चरा पडतो, पण कागद वाचतो. मॅट एकदा काढलीत की ती पुन्हा केसाच्या अंतरावर तिथेच बसवणं माझ्यासारख्या ड्रॉइंग ऑफिसातल्या बाईलाही जमत नाही.

वायरलेसशी संबंध नसलेलं, पण मराठी कामं करणाऱ्यांनी आवर्जून वाचावं असं एक. यांच्या अ‍ॅपमध्ये देवनागरीचे हाल होतात. जोडाक्षरं फुटतात, 'श्री' धड येईल याची खात्री नाही, आणि शिरोरेघ प्रत्येक अक्षराची वेगळी असल्यामुळे मशीन जिथे जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात तिथे तिथे कापत सुटतं. 'चि. सौ. कां.' लिहून कापायला दिलंत तर हातात भुगा येईल. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात शब्द लिहा, अक्षरांचा पाथ करा (म्हणजे अक्षरं रेघांत बदला), सगळं युनियननं एकसंध करा आणि एसव्हीजी फाइल अ‍ॅपमध्ये चढवा. अनुस्वाराचा टिंब सुटा राहतो, तो रेडियमवर चालतो, कार्डशीटवर मात्र हरवतो. कार्डशीटसाठी मी टिंबाला बारीक देठ काढून शिरोरेघेला चिकटवते.

एवढं सगळं करून वायरलेस आता चालतं का? चालतं. दिवसा छान, संध्याकाळी बरं. छोट्या कामाला, दोन-चार पाट्यांना मी तेच वापरते, टेबलावर वायरींचा गुंता नको म्हणून. पण लग्नसराईत, घड्याळ डोक्यावर असताना आणि बोहरी आळीतून आणलेला महागाचा मेटॅलिक कागद मॅटवर असताना मी वायर लावते. आमच्या चौकातल्या रेडियमवाल्याचा कटर माझ्या मशीनच्या तिप्पट रुंद आहे. त्याला विचारलं, "तुझं ब्लूटूथवर चालतं का रे?" तो हसला आणि पायाशी लोंबणारी काळी वायर दाखवली. धंद्याची माणसं वायरवर कापतात.

म्हणून घेणाऱ्यांसाठी सांगते. सर्वांत लहान, पर्सएवढी काही मॉडेल्स मिळतात, दिसतात गोंडस, पण त्यातल्या काहींना वायर जोडायची जागाच नसते, फक्त ब्लूटूथ. भेटकार्डं करणाऱ्या कॉलेजच्या मुलीला ठीक आहे. ऑर्डरी घेणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या इमारतीत खिडकीतून हात काढला तर शेजाऱ्याच्या राउटरला लागेल अशांनी, बारा इंची मॅटचं आणि मागे यूएसबीची जागा असलेलं मॉडेलच घ्यावं. दुकानदाराला मशीन उलटं करून मागची बाजू दाखवायला सांगा. खोक्यावरच्या चित्रात मागची बाजू कधीच नसते. आणि लॅपटॉप क्रोमबुक असेल तर तुमच्या मशीनचं अ‍ॅप त्यावर चालतं का, हे पैसे देण्याआधी विचारा, सगळ्यांचं चालत नाही.

वायर खोक्यात आली नसेल किंवा आखूड असेल तर माझ्या मशीनला प्रिंटरची, एका टोकाला चौकोनी असणारी वायर लागली. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळते. दोन मीटरची घ्या. दुकानदार दहा मीटरची काढून दाखवेल आणि 'मॅडम, आतल्या खोलीतून चालवा' म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका, यूएसबी २ ची वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. ब्लेड मात्र त्याच फेरीत घेऊ नका, तिथे मिळणारी माझ्या मशीनच्या खोबणीत सैल बसली. ती कंपनीचीच घ्यावी लागतात, आणि स्वस्त नाहीत.